सुगंधी संकरित पांढरे वाइन द्राक्ष : चव चाचणीतली ओळख आणि लागवडीचा निर्णय

पिंपळनेरला लागून असलेला सटाणा-कळवणचा पट्टा आगाप द्राक्षांसाठी ओळखला जातो. अवकाळी पाऊस आणि खाण्याच्या द्राक्षाच्या दरातली चढउतार यामुळे या पट्ट्यात आणि साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : एखादा एकर वाइन द्राक्ष लावावे का? त्यातही ‘सुगंधी, पांढरी, संकरित आणि रोगाला दाद न देणारी’ अशा जातीची काडी घेण्याचा आग्रह होतो. सोबत एखादी वाइनची बाटली चाखायला मिळते, तिचा वास खरोखरच छान असतो आणि निर्णय तिथेच होऊन जातो.

द्राक्षबाग हा दहा-पंधरा वर्षांचा संसार आहे. तो एका पेल्याच्या वासावर मांडू नये. पेल्यातला वास द्राक्षाचे घराणे बऱ्यापैकी सांगतो. वाणाचे नाव मात्र तो क्वचितच खात्रीने सांगतो, आणि माल कोण घेणार हे तर कधीच सांगत नाही. म्हणून पेला, वेल आणि खरेदीदार या तिन्ही ठिकाणी स्वतंत्र तपासणी हवी.

हा प्रश्न आत्ताच का?

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि वाइन उद्योगाला सवलती दिल्या. विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. त्यानंतर लागवड इतकी वाढली की २००९-१० च्या सुमारास वाइनरींना माल उचलणे जमेना आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइन द्राक्षाच्या बागा उपटल्या. हा धडा आजही लागू आहे.

अलीकडच्या तीन घडामोडी लक्षात घ्याव्यात. किराणा दुकाने आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला होता, पण तो प्रत्यक्षात उतरला नाही. त्यामुळे खप एकदम वाढेल ही अपेक्षा फोल ठरली. दुसरीकडे, वाइनरींना मूल्यवर्धित कराचा मोठा भाग परत देणारी प्रोत्साहन योजना पुढे चालू ठेवण्याचा निर्णय जानेवारी २०२४ मध्ये झाला. ही वाइनरींना उभारी देणारी बाब आहे.

तिसरी घडामोड आयात शुल्काची. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार किमान ५ डॉलर आयात किमतीच्या बाटलीवरचे शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आले आणि ते दहा वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. १५ डॉलरपासून पुढच्या बाटलीवरचे शुल्क ७५ टक्के झाले आणि ते २५ टक्क्यांपर्यंत जाईल. ५ डॉलरखालच्या वाइनला ही सवलत नाही. ऑस्ट्रेलियात मस्कट द्राक्षाची हलकी गोड, सुगंधी वाइन मोठ्या प्रमाणात होते. तिच्यातल्या स्वस्त मालापासून आपल्या वाइनरींना अजून संरक्षण आहे, मधल्या दर्जात मात्र स्पर्धा वर्षागणिक वाढत जाईल. म्हणजे ‘वास आहे’ एवढ्यावर वाइनरी जास्त दर देणार नाही. तिला वास हवा, आम्लता हवी आणि दरवर्षी तोच दर्जा हवा.

‘संकरित’ या शब्दाखाली तीन घराणी

आपल्याकडे संकरित म्हटले की रोगप्रतिकारक असे गृहीत धरले जाते. द्राक्षात तसे नाही. आई-बाप कोण, यावर सगळे अवलंबून असते.

१. युरोपीय × युरोपीय : बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे अर्का सोमा आणि अर्का कांचन हे दोन्ही पांढरे वाण अनाब-ए-शाही × क्वीन ऑफ व्हिनयार्ड्स या संकरातून आले आहेत. क्वीन ऑफ व्हिनयार्ड्स ही हंगेरीत तयार झालेली मस्कट गंधाची जात. त्यामुळे दोन्हींत मस्कटचा गंध आहे. मात्र दोन्ही पालक युरोपीय व्हिनिफेरा जातीचे असल्याने अमेरिकन रक्तातून येणारी केवडा-भुरीची सहनशीलता यांच्याकडून अपेक्षू नये.

२. अमेरिकन लाब्रुस्का रक्ताचे : त्याच संस्थेचे अर्का हंस हे बंगलोर ब्लू × अनाब-ए-शाही या संकरातून आलेले पांढरे वाण. बंगलोर ब्लूकडून लाब्रुस्काचा वारसा येतो, म्हणून चाखताना तो गंध मुद्दाम शोधावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एआरआय-५१६ हे याच घराण्यातले (कॅटॉबा × ब्युटी सीडलेस). ते गडद रंगाचे, मुख्यतः रसासाठीचे, बुरशीजन्य रोगांना सहनशील आणि छाटणीनंतर ११०-१२० दिवसांत तयार होणारे वाण आहे. ते पांढऱ्या वाइनचे वाण नाही, हे काडी घेताना ध्यानात ठेवावे.

३. आधुनिक गुंतागुंतीचे संकर : अमेरिकेतील ट्रामिनेट हे याचे प्रसिद्ध उदाहरण. इलिनॉय विद्यापीठात १९६५ मध्ये युरोपातील गेवुर्ट्सट्रामिनर आणि एक फ्रेंच-अमेरिकन संकर यांच्यात हा संकर झाला. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्रावर निवड होऊन १९९६ मध्ये वाण प्रसारित झाले. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील मुस्कारिस (सोलारिस × पिवळा मस्कट) हेही त्याच वाटेचे. यांचा हेतू स्पष्ट आहे : युरोपीय पालकाचा गंध ठेवायचा आणि अमेरिकन रक्ताची काटकता घ्यायची. हे वाण थंड देशांसाठी निवडलेले आहेत. आपल्या दुहेरी छाटणीत ते तसेच वागतील असे धरून चालू नये.

गंध येतो कुठून?

मस्कट आणि गेवुर्ट्सट्रामिनर गटाचा गंध मुख्यतः टर्पीन नावाच्या संयुगांचा असतो. त्यातली दोन आपल्या ओळखीची आहेत. लिनालूल हे धण्याच्या तेलातले मुख्य संयुग, तर जिरॅनिऑल हे रोशा गवताच्या तेलातले. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा या पश्चिम खानदेशाच्या डोंगराळ भागात एके काळी रोशा तेल मोठ्या प्रमाणात काढले जाई. ते मुंबईमार्गे तुर्कस्थानापर्यंत जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, कारण दोन्हींचा वास जवळचा. सुगंधी पांढऱ्या वाइनमध्ये जी ‘गुलाबाची’ छटा सांगतात, तिच्यात या जिरॅनिऑलचाही वाटा असतो. लिचीसारखा वास रोझ ऑक्साइड या संयुगामुळे येतो. गेवुर्ट्सट्रामिनर आणि त्याच्या वंशातल्या ट्रामिनेटची ती खूण आहे.

लाब्रुस्का घराण्याचा वास वेगळ्या संयुगांचा असतो. त्यातले मुख्य मिथाइल अँथ्रानिलेट. बाजारातल्या ‘ग्रेप’ चवीच्या गोळ्यांचा आणि सरबताचा जो वास, तोच हा. काही वाणांत पिकलेल्या स्ट्रॉबेरीचीही झाक असते. रसात आणि जॅममध्ये हा वास लोकांना आवडतो. कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये मात्र बहुतेक वाइनरींना तो नको असतो. युरोपात नोआ, इसाबेला, ऑथेलो यांसारख्या काही जुन्या अमेरिकन संकरांपासून वाइन करण्यास बंदीच आहे.

आणखी एक गोष्ट : टर्पीनचा बराचसा भाग सालीत आणि सालीलगत असतो. त्यातलाही मोठा हिस्सा साखरेशी बांधलेला असल्याने लगेच वास देत नाही. वाइन तयार होताना आणि मुरताना तो हळूहळू मोकळा होतो. म्हणून मणी नुसता पिळून वास घेतला तर गंध कमी वाटतो आणि साल सावकाश चावली की तो वर येतो.

पेल्यात ओळख कशी पटवावी?

बाटलीचे नाव झाकून चाखायचे असेल तर क्रम ठेवावा : आधी वास, मग आम्लता, शेवटी घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मागे राहणारी चव.

• हिरवी ढोबळी मिरची, कापलेले गवत, पेरू : सोव्हिन्यॉ ब्लाँ असण्याची शक्यता जास्त. हा टर्पीनचा वास नव्हे.
• जर्दाळू, फुलांचा हलका वास, जाडसर घोट, कमी आम्लता : व्हियोनिए.
• धणे, संत्र्याची फुले, प्रत्यक्ष द्राक्षाचाच वास : मस्कट किंवा मस्कट पालकाचे संकर.
• गुलाब, लिची, मसाल्याची झाक, जड घोट, कमी आम्लता, मागे थोडा कडवटपणा : गेवुर्ट्सट्रामिनर.
• गुलाब-लिची तीच, पण आम्लता टवटवीत, घोट हलका : ट्रामिनेटसारख्या संकराचा विचार करावा.
• ग्रेप गोळी, स्ट्रॉबेरी : लाब्रुस्का रक्त.

सुगंधी संकर ओळखण्याची खरी किल्ली चौथ्या आणि पाचव्या ओळीतल्या फरकात आहे. वास युरोपीय पालकाचा असतो, पण घोटातली आम्लता त्या पालकाला न शोभणारी असते. नाक एक नाव सांगते आणि जीभ त्याला हरकत घेते. अशी विसंगती जाणवली की संकराची शंका घ्यावी.

शंका म्हणजे पुरावा नव्हे. वाइनमध्ये थोडी साखर ठेवली किंवा आम्ल मिसळले तरी हा फरक झाकला जातो. रिस्लिंग आम्ल आणि फुलांच्या वासाचे असल्याने तेही गोंधळ घालते. उन्हात तापलेल्या घडांच्या रिस्लिंगला मुरल्यावर रॉकेलसारखा वास येतो, हा एक भेद उपयोगी पडतो.

डोळे तर सहज फसवतात. फ्रान्समधील बोर्दो येथे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना रंग घालून लाल केलेली पांढरी वाइन दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. बाटलीवरचे नाव, सांगणाऱ्याचा उत्साह आणि पेल्याचा रंग हे तिन्ही झाकल्याशिवाय केलेली चाचणी म्हणजे जाहिरातच.

प्रयोगशाळेची मर्यादाही माहीत असावी. लाल वाइनमध्ये अमेरिकन रक्त आहे का, हे तिच्या रंगद्रव्यावरून तपासता येते. अमेरिकन जातींत आणि त्यांच्या अनेक संकरांत दोन साखरेचे रेणू जोडलेले रंगद्रव्य सापडते, व्हिनिफेरात ते जवळपास नसते. पांढऱ्या वाइनमध्ये ते रंगद्रव्यच नाही, त्यामुळे ही सोपी वाट बंद होते. पांढऱ्या संकराची पक्की ओळख पेल्यात नाही. ती वेलीवर आणि पानाच्या डीएनए तपासणीत आहे.

वेलीवर काय पाहावे?

रोपवाटिकेतून काडी घेण्यापूर्वी मातृवेल पाहण्याचा आग्रह धरावा आणि या तीन खुणा तपासाव्यात.

• पानाची खालची बाजू : लाब्रुस्का रक्त असल्यास दाट, लोकरीसारखी लव असते. व्हिनिफेरा जातींत ती सहसा विरळ असते किंवा नसते.
• बाळ्या : व्हिनिफेरा वेलीवर सलग दोन पेऱ्यांवर बाळी आणि तिसरा पेरा मोकळा, असा क्रम दिसतो. शुद्ध लाब्रुस्कावर जवळपास प्रत्येक पेऱ्यावर बाळी असते. संकरात क्रम मिसळलेला दिसतो.
• मणी : दोन बोटांत दाबला की साल सुटून गर गोळीसारखा निसटला, तर लाब्रुस्काचा वारसा समजावा.

एका खुणेवर निर्णय करू नये. तिन्ही खुणा आणि गंध एकाच बाजूला बोलत असतील तर विश्वास ठेवावा. विक्रेता ‘मस्कट संकर’ म्हणत असेल आणि पान लोकरी, मणी निसटणारा, वास ग्रेप गोळीचा असेल, तर सांगितलेले नाव आणि वेल जुळत नाही. कोणत्याही परिस्थितीत पावतीवर वाणाचे पूर्ण नाव, पालक आणि खुंटाचे नाव लिहून घ्यावे.

वाइन न करता चव चाचणी

परवान्याशिवाय घरी वाइन बनवणे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे. ‘थोडी करून बघू’ हा मार्ग नको. सुदैवाने सुगंधी वाणांना त्याची गरजही कमी. शेनिन ब्लाँसारख्या वाणाच्या रसावरून वाइनचा अंदाज फारसा येत नाही, पण मस्कट गटाचा गंध मण्यात आणि रसातच कळतो. कृषी सहायक किंवा शेतकरी गटाने पुढीलप्रमाणे चाचणी घ्यावी.

१. प्रत्येक वाणाचे १०० मणी घ्यावेत. घडाचे खांदे, मध्य आणि टोक, वेलीची उन्हाची आणि सावलीची बाजू, सगळीकडचे मणी असावेत. दोन्ही वाणांचा ब्रिक्स शक्यतो सारखा असताना नमुना घ्यावा, नाहीतर लोक गंधाऐवजी गोडी ओळखतात.

२. मणी सालीसकट चुरून दहा मिनिटे ठेवावेत, मग स्वच्छ कापडातून रस गाळावा. अर्ध्या तासात चाचणी उरकावी, कारण रस काळा पडतो आणि वास बदलतो.

३. रस स्टीलच्या सारख्या पेल्यांत ओतून वर ताटली झाकावी. स्टीलमध्ये रंग फारसा कळत नाही. पेल्यांना तीन आकडी क्रमांक द्यावेत. कोणता रस कुठे आहे हे माहीत असलेल्या व्यक्तीने पेले वाटू नयेत.

४. प्रत्येकाला तीन पेले द्यावेत : दोन एका वाणाचे, एक दुसऱ्याचे. वेगळा कोणता, एवढेच विचारावे. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येतेच. म्हणून १२ जणांपैकी किमान ८ जणांनी बरोबर ओळखले तरच फरक खरा मानावा.

५. फरक ठरल्यावरच वासाचे वर्णन घ्यावे. बाजूला ओळखीचे वास ठेवावेत : कुटलेले धणे, गावठी गुलाबाच्या पाकळ्या, लिची, संत्र्याची साल, ग्रेप चवीची गोळी. शब्द सुचत नसला तरी नाक जुळवणी करते.

६. वेळ सकाळची ठेवावी. आधी तासभर तंबाखू, गुटखा, चहा, अत्तर नको. मधे पाणी आणि साधे मुरमुरे द्यावेत.

ही चाचणी एकाच हंगामात आठवड्याच्या अंतराने तीन वेळा घेतली तर वाणाच्या ओळखीपेक्षाही मोलाची माहिती मिळते : गंध कोणत्या ब्रिक्सला सर्वांत भरतो आणि कधी उतरू लागतो.

खानदेशच्या उन्हात गंध टिकेल का?

पिंपळनेरच्या भागाला सह्याद्रीच्या पायथ्याची थंडी मिळते, पण फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून दिवसाचे तापमान झपाट्याने चढते. उष्णतेत मॅलिक आम्ल जळते आणि सामू वाढतो. साखर भरत राहते, पण टर्पीनचा गंध एका टप्प्यानंतर उतरतो. ब्रिक्स २२ दिसतो आणि रस मात्र पाणचट गोड लागतो, तो यामुळे. संकराची काटकता पानाला वाचवेल, गंधाला नाही.

म्हणून वाणाचे छाटणी ते काढणीचे दिवस मोजून फळछाटणी अशी धरावी की पक्वता जानेवारीत, थंड रात्रींत येईल. घडांवर पानांची विरळ सावली ठेवावी. पांढऱ्या वाइनसाठी साधारण २० ते २२ ब्रिक्सला काढणी होते, पण शेवटचा निर्णय ब्रिक्स, आम्लता, सामू आणि साल चावून घेतलेला गंध या चारही गोष्टी पाहून घ्यावा. तोडणी पहाटे करून ऊन चढण्याआधी माल वाइनरीकडे रवाना व्हावा. काढणीच्या जवळ गंधकाची फवारणी टाळावी. उरलेल्या गंधकामुळे वाइनला सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो. काही लाब्रुस्का वाणांची पाने गंधकाने भाजतात, त्यामुळे आधी चार-पाच वेलींवर फवारून पाहावे.

लागवडीचा हिशेब

थॉमसन सीडलेसचा खरेदीदार फिरला तर माल दुसऱ्या बाजारात जातो, अगदीच अडले तर बेदाणा करता येतो. बियांच्या सुगंधी वाइन द्राक्षाला ही पळवाट जवळपास नाही. खाणाऱ्याला बी नको असते आणि बेदाण्यालाही बी नको असते. वाइनरीने नाकारलेला माल बांधावर पडतो. पिंपळनेरहून नाशिकच्या वाइनरी सटाणामार्गे शंभर किलोमीटरच्या पुढे आहेत. नाकारलेला माल परत आणण्याचा खर्चही शेतकऱ्याच्याच माथी येतो. शिवाय दर्जासाठी वाइनरी एकरी उतारा मर्यादित ठेवायला सांगते, त्यामुळे खाण्याच्या द्राक्षाच्या टनांशी तुलना करून नफा काढू नये.

म्हणून क्रम असा असावा :

• आधी खरेदीदार. वाणाचे नाव, किमान वर्षे, दर ठरवण्याची पद्धत, ब्रिक्स-आम्लता-सामूच्या मर्यादा, माल नाकारण्याची कारणे आणि वाहतुकीचा खर्च हे सर्व लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर काडी लावू नये.
• मग दहा-पंधरा वेली. असलेल्या खुंटावर कलम करून दोन हंगाम पाहावे. केवडा, भुरी आणि करप्याची नोंद शेजारच्या ओळीशी तुलना करून ठेवावी.
• मग चव चाचणी, वर सांगितल्याप्रमाणे. संबंधित वाइनरीच्या तज्ज्ञाला तोच रस क्रमांक घालून, नाव न सांगता द्यावा. परवाना असलेल्या वाइनरीकडून छोटा प्रायोगिक घाणा करून घेता आला तर उत्तमच.
• वाणाबद्दल शंका असल्यास मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.
• लाब्रुस्का गंधाचे वाण आवडले असेल तर ते रस, जॅम आणि सरबताच्या बाजारासाठी तपासावे. तो स्वतंत्र धंदा आहे आणि त्याचा खरेदीदारही वेगळा आहे.

सुगंधी संकरित वाणांना महाराष्ट्रात जागा नाही, असे नाही. बदलत्या हवामानात फवारण्या कमी लागणारे आणि आम्लता टिकवणारे पांढरे वाण मिळाले तर ते वाइनरी आणि शेतकरी दोघांच्याही कामाचे आहेत. पण ते वाण आपल्या छाटणीत, आपल्या उन्हात आणि आपल्या खरेदीदाराच्या नाकाखाली सिद्ध व्हायला हवे. या हंगामात कोणी बाटली घेऊन काडी विकायला आले, तर तीन गोष्टी मागाव्यात : पालकांची नावे, मातृवेल दाखवण्याची तयारी आणि माल घेणाऱ्याचे लेखी पत्र. तिन्ही हाती येईपर्यंत काडीचे पैसे देऊ नयेत.